विद्यापीठीय आरोग्यव्यवस्था, महासाथीतील

महासाथीच्या काळात विद्यापीठाचे आवार, वसतिगृहे, संलग्न महाविद्यालये व परीक्षाकेंद्रे यांत रोगसंक्रमण रोखणे, संसर्गित व्यक्तींचा चाचणीद्वारे शोध घेणे आणि अध्ययन-अध्यापन शक्य तितके चालू ठेवणे, यांसाठी योजिलेल्या उपायांचा समावेश या संज्ञेत होतो. प्रस्तुत नोंदीत २०२०–२२ या काळातील कोविड-१९ च्या महासाथीचा विचार प्रामुख्याने केला असून महाराष्ट्रातील, विशेषतः खानदेशातील, परिस्थितीचा त्यात विस्ताराने परामर्श घेतला आहे.

रोगप्रसाराच्या दृष्टीने विद्यापीठ हा लोकसमूह काहीसा वेगळा असतो. त्यातील बहुसंख्य व्यक्ती अठरा ते पंचवीस या वयोगटातील असतात. या वयात कोविडचा संसर्ग पुष्कळदा लक्षणांशिवाय किंवा अगदी सौम्य लक्षणांनिशी होतो. त्यामुळे रोगी स्वतः अंथरुणास न खिळता इतरांना रोग देत राहतो. वसतिगृहातील सामाईक खोल्या, स्नानगृहे व भोजनालय, ग्रंथालयातील दाटी, सुट्ट्यांमध्ये गावी जाणे व परतणे या सर्वांमुळे संक्रमणास वाव मिळतो. दुसरीकडे, अध्यापक व सेवकवर्ग वयस्क असतो आणि विद्यार्थ्यांच्या घरी वृद्ध माणसे असतात. धोका असतो तो मुख्यतः यांना. भारतात निदान झालेले पहिले तीन कोविड रुग्ण हे चीनमधील वूहान येथून केरळात परतलेले विद्यार्थी होते (पहिले निदान ३० जानेवारी २०२०), ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

इतिहास : साथ आली की विद्यापीठ बंद करावयाचे, हा उपाय फार जुना आहे. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडले, तेव्हा आयझॅक न्यूटन यांना आपल्या गावी जाऊन राहावे लागले. विद्यार्थ्यांच्या आरोग्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेने स्वतः पत्करण्याची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयाने १८६१ मध्ये आरोग्यविज्ञान व शारीरिक शिक्षण यांसाठी एका वैद्याची प्राध्यापकपदी नेमणूक केली. या क्षेत्रातील तो पहिला संघटित प्रयत्न मानतात. १९०३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठ जेथे आहे त्या इथाका गावात दूषित पाण्यामुळे विषमज्वराची साथ आली. तीत मरण पावलेल्या ८२ जणांपैकी २९ विद्यार्थी होते. त्यानंतरच पाणी गाळण्याची व्यवस्था करण्यात आली.

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ मुंबईच्या प्लेगपासून धरावा लागतो. १८९६ मध्ये ही साथ उद्‌भवली, तेव्हा व्हाल्डेमार हाफकिन यांनी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीतील अगदी तुटपुंज्या जागेत आपले काम सुरू केले व काही महिन्यांतच प्लेगप्रतिबंधक लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेचे पुढे परळ येथे स्थलांतर झाले व १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. प्लेगचे कारण जंतू, तर कोविडचे विषाणू. तथापि शिक्षणसंस्थेची जागा, उपकरणे व मनुष्यबळ साथनिवारणासाठी वापरण्याचा पायंडा तेव्हाच पडला. १८९७ चा साथरोग अधिनियमही त्याच साथीतून जन्मास आला आणि एकशे तेवीस वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्याच अधिनियमाच्या आधारे कोविडविषयक नियम जारी केले. प्लेगने खानदेशालाही सोडले नव्हते. जळगावच्या विद्यापीठास ज्यांचे नाव देण्यात आले आहे, त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे पुत्र ओंकार यांना प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले होते.

पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेले व १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्ध असलेले केंद्र ही या बाबतीतील महाराष्ट्राची मोठी जमेची बाजू होय. २००९ मध्ये इन्फ्ल्यूएंझाची (एच१एन१) महासाथ आली, तेव्हा भारतातील पहिला मृत्यू पुण्यातील एका शाळकरी मुलीचा झाला. त्या वेळी नमुन्यांची तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होत असल्याने तपासणीकेंद्रांपुढे लोकांच्या रांगा लागल्या, तर शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवावी लागली. चाचणीची सोय विकेंद्रित असली पाहिजे हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो पुरेसा गिरविला गेला नाही, हे २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत दिसून आले.

चाचणीचे स्वरूप : कोविडच्या निदानासाठी मुख्यतः दोन प्रकारच्या चाचण्या वापरल्या गेल्या. पहिली आरटी-पीसीआर चाचणी. कोविडच्या विषाणूचे जननिक द्रव्य आरएनए या स्वरूपात असते. नाक व घसा यांच्या मागील भागातून कापसाच्या बोळ्यासारख्या काडीने स्राव घेऊन तो वाहक द्रवात बुडवितात आणि २° ते ८° से. तापमानास शीतपेटीतून प्रयोगशाळेत नेतात. तेथे जैव सुरक्षा कपाटात विषाणू निष्क्रिय करून त्यातील आरएनए वेगळे काढतात व विकराच्या साहाय्याने त्याचे डीएनएमध्ये रूपांतर करतात. नंतर या डीएनएच्या ठराविक खंडाचे तापमानाच्या आवर्तनांनी पुनःपुन्हा द्विगुणन करतात. आवर्तनागणिक खंडांची संख्या सुमारे दुप्पट होत असल्याने तीस आवर्तनांत एका खंडाचे शंभर कोटींहून अधिक खंड होतात आणि त्यांना जोडलेल्या रंजकद्रव्याची प्रभा यंत्रास टिपता येते. जितकी कमी आवर्तने लागतात, तितका मूळ नमुन्यात विषाणू अधिक. ही चाचणी अतिशय संवेदनक्षम आहे. परंतु तीस प्रशिक्षित माणसे, स्वतंत्र खोल्या व काही तासांचा अवधी लागतो. नमुना दूर पाठवावयाचा असल्यास हा अवधी दिवसांवर जातो. शिवाय रोगी बरा झाल्यावरही विषाणूचे निर्जीव अवशेष काही आठवडे सापडू शकतात. ‘सकारात्मक’ व ‘संसर्गक्षम’ हे शब्द म्हणूनच समानार्थी नाहीत.

दुसरी शीघ्र प्रतिजन चाचणी. हीत विषाणूचे प्रथिन एका पट्टीवर ओळखले जाते व अर्ध्या तासात निष्कर्ष मिळतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआरने) जून २०२० मध्ये अशा पहिल्या संचास मान्यता दिली. परिषदेने केलेल्या मूल्यमापनात त्याची संवेदनक्षमता ५०·६ ते ८४ टक्के आणि विशिष्टता ९९·३ ते १०० टक्के आढळली. म्हणजे शंभर संसर्गितांपैकी सोळा ते पन्नास जण या चाचणीतून निसटू शकत होते. त्यामुळे लक्षणे असूनही निष्कर्ष नकारात्मक आल्यास आरटी-पीसीआर चाचणी करावी, असा नियम होता. गर्दीच्या काळात तो नेहमीच पाळला गेला असे नाही.

आवारातील सर्वांची सरसकट चाचणी करावयाची झाल्यास एक गणिती अडचण उद्‌भवते. समजा, एका महाविद्यालयात १,००० विद्यार्थी असून त्यांपैकी दहा संसर्गित आहेत. चाचणीची संवेदनक्षमता ५० टक्के व विशिष्टता ९९·५ टक्के धरल्यास दहापैकी पाच संसर्गित सापडतील आणि उरलेल्या ९९० निरोगी विद्यार्थ्यांपैकीही सुमारे पाच जण ‘सकारात्मक’ ठरतील. अलगीकरणात पाठविलेल्या दहांपैकी निम्मे निरोगी आणि वर्गात बसलेल्यांत पाच संसर्गित, अशी स्थिती होईल. एकाच चाचणीवर विसंबणारे ‘नकारात्मक प्रमाणपत्र’ किती कच्चे असते, हे यावरून ध्यानात येईल. असे प्रमाणपत्र फार तर नमुना घेतला त्या क्षणापुरते बोलते. विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः पाच-सहा दिवस, तर क्वचित चौदा दिवस जातात. या काळाच्या आरंभी घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडत नाही, आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत मात्र रोगी इतरांना संसर्ग देण्यास पूर्ण समर्थ झालेला असतो. चाचणी वारंवार करणे आणि तिचा निष्कर्ष लवकर मिळणे या दोन गोष्टींना चाचणीच्या सूक्ष्मतेपेक्षाही अधिक महत्त्व येते ते यामुळे.

या तत्त्वावर सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०२० च्या उत्तरार्धात केला. नाकातील स्रावाऐवजी लाळ घेऊन ती ९५° से. तापमानास अर्धा तास तापवावयाची व आरएनए वेगळे काढण्याची पायरी गाळून थेट पीसीआर करावयाचे, अशी पद्धत त्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बसविली. दिवसाला दहा हजारांहून अधिक चाचण्या होत व विद्यार्थ्यांची चाचणी आठवड्यातून दोनदा केली जाई. असे असूनही सत्राच्या आरंभी रुग्णसंख्या एकाएकी वाढली. आपण संसर्गित आहोत हे कळूनही काही विद्यार्थी मेजवान्यांना गेले होते. दोन आठवडे कडक निर्बंध घातल्यावर साथ आटोक्यात आली. याउलट, चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने परतणाऱ्या विद्यार्थ्यांची चाचणी न करताच ऑगस्ट २०२० मध्ये वर्ग भरविले आणि आठवडाभरातच ते बंद करण्याची पाळी त्यावर आली.

भारतात एवढ्या चाचण्या परवडण्याजोग्या नव्हत्या. येथे एकत्रित नमुना पद्धतीचा विचार झाला. रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये सैन्यभरतीच्या वेळी उपदंशाच्या तपासणीसाठी ती सुचविली होती. पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करावयाची. ती नकारात्मक आल्यास पाचही जण मोकळे, सकारात्मक आल्यास पाचांची स्वतंत्र चाचणी. संसर्गाचे प्रमाण १ टक्का असल्यास १,००० जणांसाठी २०० एकत्रित चाचण्या व त्यांपैकी सुमारे दहा सकारात्मक गटांच्या आणखी पन्नास, अशा एकूण अडीचशे चाचण्या पुरतात. प्रमाण १० टक्के झाल्यास सहाशेहून थोड्या अधिक लागतात; ३० टक्क्यांना तर हजारांहूनही जास्त लागून पद्धतीचा सारा लाभ नाहीसा होतो. आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये या पद्धतीस संमती देताना संसर्गाचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी असलेल्या क्षेत्रातच तिचा सर्रास वापर व्हावा आणि एका गटात पाचांहून अधिक नमुने नसावेत, अशी मर्यादा घातली, ती याच हिशोबाने. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील (आयआयटी) संशोधकांनी एकच नमुना अनेक गटांत विभागून, दुसऱ्या फेरीविना संसर्गित व्यक्ती ओळखण्याची ‘टॅपेस्ट्री’ नावाची गणिती रीत मांडली.

विद्यापीठांच्या प्रयोगशाळा : आरटी-पीसीआर यंत्रे केवळ रुग्णालयांतच असतात असे नाही. विद्यापीठांच्या जैवतंत्रविज्ञान, सूक्ष्मजीवविज्ञान व जीवविज्ञान विभागांत ती पूर्वीपासून होती आणि ती चालविणारे संशोधक विद्यार्थीही होते. उणीव होती ती जैव सुरक्षेच्या व्यवस्थेची आणि रुग्णाच्या नमुन्यावर काम करण्याच्या परवानगीची. वैद्यकीय नसलेल्या प्रयोगशाळांनाही मान्यता देण्याचे धोरण स्वीकारल्यावर हे द्वार खुले झाले. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाने २०२० च्या उन्हाळ्यात अशी प्रयोगशाळा सुरू केली. पाठोपाठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तसेच छत्रपती संभाजीनगरचे (तत्कालीन औरंगाबादचे) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि त्याचे धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथील उपपरिसर यांनीही चाचणीचे काम पत्करले. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही नमुने तपासले गेले. ज्या हातांनी कालपर्यंत वनस्पतींचे वा किटाणूंचे डीएनए काढले, तेच हात रोज शेकडो रुग्णांच्या नमुन्यांवर काम करू लागले. या प्रयोगशाळांमुळे आपल्या जिल्ह्याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात तपासण्याची सोय झाली. महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी या महासाथीत जे काही केले, त्यात हे कार्य प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोलाचे होय. परीक्षांच्या वादात त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात दुसऱ्या लाटेची चाहूल लागली, तेव्हाही चाचणीची ही स्थानिक सोय हाताशी होती.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) कार्यक्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ७९ लाख होती. विद्यापीठाचे मुख्य आवार जळगावजवळ असले, तरी विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य तेथे नसतात. ते तालुक्याच्या गावांतील संलग्न महाविद्यालयांत शिकतात. परदेशी विद्यापीठांचे नमुने येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, याचे मुख्य कारण हेच. इलिनॉयचे आवार ही एक वसाहत आहे. जामनेर, रावेर किंवा शहादा येथील महाविद्यालय म्हणजे दिवसातून काही तास एकत्र येणारा आणि सायंकाळी पन्नास खेड्यांत पांगणारा समूह होय.

जामनेरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कांग नदीकाठचे हे तालुक्याचे गाव जळगावपासून सुमारे ४० किमी. अंतरावर आहे. आसपासच्या कापूस पिकविणाऱ्या खेड्यांतून विद्यार्थी एस.टी.ने, दुचाकीने किंवा पाचोरा–जामनेर या सुमारे ५६ किमी. लांबीच्या अरुंदमापी रेल्वेने ये-जा करीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ही गाडी थांबली व पुढे मार्गाच्या रुंदीकरणाचे काम निघाल्याने जुन्या रुळांवर ती पुन्हा धावली नाही. अशा गावी ‘आवाराचे आरोग्य’ म्हणजे व्यवहारात गावाचे, बसस्थानकाचे व घरातील आजी-आजोबांचे आरोग्य. महाविद्यालयाच्या फाटकाशी तापमापक रोखून त्याचे रक्षण होत नाही. त्यातही अशा महाविद्यालयांत कनिष्ठ व वरिष्ठ विभाग बहुधा एकाच इमारतीत भरत असल्याने सोळा वर्षांची मुले आणि पदव्युत्तर विद्यार्थी एकाच जिन्याने वर-खाली करतात. शासनाचे आदेश मात्र या दोहोंना वेगवेगळ्या विभागांकडून व वेगवेगळ्या तारखांना मिळत.

जळगाव जिल्ह्यात कोविडचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या अखेरीस आढळला. प्रारंभी जिल्ह्यातील नमुने धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे व अन्य शहरांकडे पाठवावे लागत. जामनेरच्या रुग्णाचा नमुना आधी जळगावला, तेथून आणखी ९०-९५ किमी.वरील धुळ्यास जाणार, तेथे रांगेत राहणार आणि मग निष्कर्ष त्याच वाटेने परतणार. तोवर रुग्णाने घरातील किती जणांना रोग दिला, याची गणना करण्याचे कारण नाही. मे–जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यातील निदान झालेल्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले. देशाच्या सरासरीच्या ते कित्येक पट होते. हे प्रमाण वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. चाचण्या कमी असल्या, की सौम्य रुग्ण मोजले जात नाहीत. छेद लहान राहतो आणि अपूर्णांक मोठा दिसतो. परंतु संपूर्ण दोष अंकगणिताचा नव्हता. रुग्ण उशिरा दाखल होत होते व रुग्णालयांची व्यवस्था कोलमडली होती. जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेली ८२ वर्षांची एक कोविडग्रस्त वृद्धा आठ दिवसांनी, १० जून २०२० रोजी, त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात मृतावस्थेत आढळली. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. जिल्ह्यातच चाचणीची सोय झाल्यावर आणि व्यवस्थापन बदलल्यावर पुढील महिन्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आले. अलग ठेवलेल्या प्रत्येक व्यक्तीची दिवसातून ठराविक वेळा प्रत्यक्ष गाठ घेऊन नोंद करणे, हा नियम वसतिगृहातील अलगीकरणासही तितकाच लागू आहे.

विद्यार्थ्यांची मोठी हालचाल खानदेशाने एप्रिल २०२० च्या अखेरीस पाहिली. राजस्थानातील कोटा येथे प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी गेलेले महाराष्ट्रातील विद्यार्थी टाळेबंदीत अडकून पडले होते. त्यांना आणण्यासाठी राज्य परिवहन महामंडळाने धुळ्याहून सुमारे ७० बसगाड्या पाठविल्या. परतलेल्या विद्यार्थ्यांची तपासणी करून त्यांना चौदा दिवस विलग राहण्यास सांगण्यात आले. एका ठिकाणच्या विद्यार्थ्यांना मोजके प्रवासी घेऊन, बसनिहाय नोंद ठेवून व गावी पोहोचल्यावर लक्ष ठेवून परत आणणे शक्य असते, हे या प्रसंगाने दाखविले. नियमित सत्राच्या आरंभी मात्र अशी व्यवस्था कोठेच झाली नाही.

वसतिगृहे व वायुवीजन : टाळेबंदीत रिकामी झालेली वसतिगृहे राज्यभर अलगीकरण व काळजी केंद्रे म्हणून जिल्हा प्रशासनाने ताब्यात घेतली. स्वतंत्र खोल्या, पाणी व कुंपण असलेली अशी दुसरी तयार जागा तालुक्यात सहसा नसते. मात्र विद्यार्थी परतू लागल्यावर त्यांच्यासाठी खोल्या मोकळ्या करणे व आजारी विद्यार्थ्यांसाठी काही राखून ठेवणे हा पेच उभा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्याने बोलवावे, वसतिगृहात एका खोलीत शक्यतो एकालाच ठेवावे व भोजनालयात गर्दी टाळावी, असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात चेन्नईच्या आयआयटीमध्ये शंभराहून अधिक जणांना संसर्ग झाला. तेथे त्या वेळी वसतिगृहात सातशेहून थोडेच अधिक विद्यार्थी होते. पण त्या सर्वांसाठी भोजनालय एकच चालू ठेवले होते. मुखपट्टी काढल्याखेरीज जेवता येत नाही, या साध्या गोष्टीमुळे भोजनालय हे आवारातील सर्वांत धोक्याचे स्थान ठरते.

साथीच्या पहिल्या वर्षात पृष्ठभाग पुसणे, फवारणी करणे व फाटकावर तापमान मोजणे यांवर फार श्रम व पैसा खर्च झाला. विषाणू हवेतील सूक्ष्म तुषारांमार्फत बंद जागेत दूरवर पसरतो, हे जसजसे स्पष्ट झाले तसतसे वायुवीजनाचे महत्त्व पटले. पण ते उशिरा. उंच छताचे, समोरासमोर खिडक्या असलेले व व्हरांड्यावर उघडणारे जुने वर्ग या कसोटीस चांगले उतरतात. वातानुकूलित सभागृहे व संगणककक्ष तेथेच उणे पडतात. खानदेशात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जात असल्याने उष्णतेपासून बचावासाठी दारे-खिडक्या बंद ठेवण्याची सवय आहे. साथीच्या दृष्टीने ती घातक होय. वसतिगृहाच्या सांडपाण्यातील विषाणूच्या शोधाचा उपायही उपयुक्त ठरला आहे. ॲरिझोना विद्यापीठात ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश आढळताच तेथील ३११ जणांची चाचणी केली, तेव्हा लक्षणे नसलेले दोन संसर्गित सापडले. मध्यवर्ती मलनिस्सारण नसलेल्या महाविद्यालयांत ही पद्धत वापरता येत नाही.

परीक्षा व लसीकरण : महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय घेतला, विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै रोजी त्या घेतल्याच पाहिजेत असे कळविले. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी असा निवाडा दिला, की साथीच्या कारणास्तव राज्य शासन परीक्षा पुढे ढकलू शकते, परंतु परीक्षेविना पदवी देता येणार नाही. त्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन पद्धतीने घेतल्या. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडील ज्या पाड्यांवर दूरध्वनीचे जाळेच पोहोचत नाही, तेथील विद्यार्थ्यांसाठी घर सोडून संपर्क मिळेल अशा जागी जाणे भाग होते. आरोग्यासाठी योजिलेल्या उपायाचा भार सर्वांवर सारखा पडला नाही.

राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने उघडण्यात आली. परंतु दुसऱ्या लाटेमुळे काही आठवड्यांतच ती पुन्हा बंद करावी लागली. अठरा वर्षांवरील सर्वांना १ मे २०२१ पासून लस घेण्याची मुभा मिळाली, तरी मात्रांच्या टंचाईमुळे तरुणांचा क्रम प्रत्यक्षात पावसाळ्यानंतरच लागला. २० ऑक्टोबर २०२१ रोजी वर्ग पुन्हा भरले, तेव्हा दोन मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश देण्याचा दंडक होता आणि त्यासाठी त्याच महिन्याच्या अखेरीस ‘मिशन युवा स्वास्थ्य’ या नावाने महाविद्यालयांतच लसीकरणाची मोहीम काढण्यात आली. नियम करून विद्यार्थ्यास केंद्राकडे धाडण्यापेक्षा केंद्रच विद्यार्थ्याकडे नेण्याची ही रीत ग्रामीण भागास अधिक मानवणारी होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांचा उपयोग अशा कामी चांगला होतो. आपल्या गावातील कोणत्या घरी दमेकरी आहे व कोण मुंबई-सुरतेहून परतले आहे, हे त्यांना यादीवाचून ठाऊक असते. पंधरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना लस मिळू लागली ती ३ जानेवारी २०२२ पासून. म्हणजे वरिष्ठ महाविद्यालय उघडले, त्या वेळी त्याच इमारतीतील अकरावी-बारावीचे बहुसंख्य विद्यार्थी सुमारे अडीच महिने लसीवाचून होते. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन या प्रकारामुळे महाविद्यालये तिसऱ्यांदा बंद झाली व १ फेब्रुवारीपासून उघडली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.